चिमटीत येते ती चरबी, न येणारी वेगळी

गेल्या अंकात भाजल्याच्या व्रणांबद्दल लिहिलं होतं. पत्रं आली ती मात्र बहुतेक पोटाबद्दल. "मशीनने चरबी जाते का?", "किती किलो जातील?", "पॅकेज घेऊ का?" नाशिकमध्ये प्लास्टिक सर्जन म्हणून काम करताना मला २२ वर्षं झाली. लायपोसक्शन, म्हणजे कातडीखालची चरबी नळीने ओढून काढायची शस्त्रक्रिया, मी स्वतः करते, तेव्हा माझा त्याला विरोध असायचं कारण नाही. पण ही पत्रं वाचताना जीव थोडा कासावीस झाला. या मंडळींना जे उपचार सुचवले गेलेत, त्यातले बरेचसे त्यांच्या तक्रारीवरचे नाहीतच. पाच पत्रं निवडली आहेत. नावं दिलेली नाहीत, गावंही बदलली आहेत.

माझं वय ३४. दोन सीझर झाली आहेत, धाकटा तीन वर्षांचा आहे. उंची पाच फूट दोन इंच, वजन ६१ किलो. हातपाय बारीक, पण पोट पाचव्या महिन्यासारखं दिसतं, सकाळी कमी, जेवल्यावर जास्त. बसमध्ये बायका उठून जागा देतात. एका सेंटरमध्ये फॅट फ्रीझिंगच्या (मशीनने चरबी गारठवायच्या) सहा सिटिंगचे ७२ हजार सांगितले, आजच भरले तर ५४ हजार. भरू का? (सिन्नर)

पैसे भरू नका. आधी आज रात्री एक गोष्ट करून बघा. पलंगावर उताण्या झोपा, गुडघे दुमडा. एका हाताची बोटं बेंबीच्या जरा वर, मधोमध, पोटात हलकी रोवा आणि फक्त डोकं उशीवरून उचला. दोन्ही बाजूंचे स्नायू बोटांना येऊन भिडले पाहिजेत. तसं न होता दोन-तीन बोटं मधल्या फटीत बुडत असतील, किंवा मधोमध होडीच्या कण्यासारखा उंचवटा वर येत असेल, तर तुमचे पोटाचे उभे स्नायू बाळंतपणात फाकले आहेत आणि परत जवळ आलेले नाहीत. तुम्ही लिहिलेलं वर्णन, म्हणजे अंग बारीक, पोट तेवढं पुढे, सकाळी कमी आणि जेवल्यावर जास्त, मला त्याच बाजूला नेतंय. जगातलं कुठलंही गार करणारं मशीन स्नायू शिवत नाही.

फट असेल तर पहिली भेट फिजिओथेरपिस्टची. बाळंतपणानंतरच्या व्यायामाचं काम करणारी बघा. जिममध्ये जाऊन भराभर सिटअप्स मारू नका, त्याने फट वाढू शकते. चार-सहा महिने मनापासून व्यायाम करूनही पोट तसंच राहिलं आणि आता तिसरं मूल नको हे पक्कं असेल, तर टमी टकचा विचार करता येतो. त्यात आम्ही स्नायू मधोमध शिवतो आणि जादाची कातडी काढतो. सीझरच्या व्रणाच्याच पातळीवर पण बराच लांब, कंबरेच्या एका हाडापासून दुसऱ्यापर्यंत व्रण राहतो. आठवडाभर वाकून चालावं लागतं आणि सहा आठवडे तीन वर्षांच्या मुलाला कडेवर घेता येत नाही. घरात मदतीला कोण आहे, हे मी ऑपरेशनच्या तारखेआधी विचारते.

आणि बेंबीपाशी खोकल्यावर फुगा येतो का, तेही बघा. हर्निया असताना त्यावर फॅट फ्रीझिंगच्या मशीनचा, कातडी ओढून धरणारा गार कप लावणं धोक्याचं आहे.

आता फॅट फ्रीझिंगबद्दल. हे थोतांड नाही. चरबीच्या पेशी कातडीपेक्षा लवकर गारठतात ही गोष्ट खरी आहे. १९७० साली अमेरिकेत बर्फाची कांडी चोखणाऱ्या तान्ह्या बाळाच्या गालातली चरबी सुजून मग विरल्याची नोंद झाली. पुढे बोस्टनच्या डॉक्टरांनी त्याच धाग्यावरून तंत्र बसवलं आणि २०१० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कंबरेच्या बाजूच्या वळ्यांसाठी त्याला मान्यता दिली. एका जागी चरबीचा थर साधारण २० ते २५ टक्के कमी होतो. म्हणजे चिमटीत चार सेंटिमीटर येत होतं ते तीन येईल. आणि तेही दोन-तीन महिन्यांनी, कारण मेलेल्या पेशी शरीर सावकाश उचलतं. पहिल्या सिटिंगचा परिणाम दिसायला दोन महिने लागत असताना सहा सिटिंगचे पैसे आज कशासाठी घ्यायचे? या प्रश्नाला त्या सेंटरने उत्तर दिलं तर मला जरूर कळवा.

क्वचित उलटंही होतं. गार केलेल्या जागी चरबी कमी न होता वाढते आणि घट्ट होते, कपाच्या आकाराची. मग ती शस्त्रक्रियेनेच काढावी लागते. लिंडा इव्हँजेलिस्टा या जगप्रसिद्ध मॉडेलने आपल्या बाबतीत हेच झाल्याचं २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं. स्वस्त मशीनचा त्रास वेगळा. मागे माझ्याकडे एक शिक्षिका आल्या होत्या. पोटावर पट्टीने आखल्यासारखा काळसर आयत, मधली कातडी चामड्यासारखी, टाचणी टोचली तरी कळत नव्हतं. कप आणि कातडी यांच्यामध्ये जेलचा जाड पडदा ठेवतात, तो तिथे कुणी ठेवलाच नव्हता. थंडीने भाजणं हे आगीने भाजण्याइतकंच खरं असतं. ती जखम भरायला चार महिने लागले.

वय ४६, आयटीत आहे. कंबर ४१ इंच. बीपीची गोळी सुरू आहे, शुगर बॉर्डरला. डाएट दोनदा करून सोडलं. लायपोसक्शनने पोट एकदाचं काढून टाकलं तर बीपी-शुगर पण ताळ्यावर येईल ना? (ठाणे)

नाही येणार, दादा. हे मी अंदाजाने सांगत नाही. २००४ मध्ये अमेरिकेत १५ स्थूल स्त्रियांच्या पोटाची चरबी लायपोसक्शनने काढली, प्रत्येकी जवळपास दहा किलो, म्हणजे आम्ही एरवी काढतो त्याच्या कितीतरी पट. दहा-बारा आठवड्यांनी तपासलं, तर इन्सुलिनचं काम, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, काहीच सुधारलं नव्हतं.

कारण पोटात चरबी दोन ठिकाणी असते. एक कातडीखाली, जी चिमटीत येते. दुसरी पोटाच्या स्नायूंच्या भिंतीआड, आतडी आणि यकृताच्या भोवती. साखर आणि दाब बिघडवण्यात मोठा हात त्या आतल्या चरबीचा असतो, आणि आमची नळी तिथे जात नाही, जाताही कामा नये. तुमचं पोट घट्ट मडक्यासारखं असेल आणि चिमटीत फारसं येत नसेल, तर मी तुम्हाला माझ्या टेबलावर घेणार नाही. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत असावी असं आपल्याकडचे तज्ज्ञ सांगतात, तुमची १०४ आहे. बायकांसाठी ही मर्यादा ८० आहे.

फिजिशियनकडे जा. एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या, लिव्हरवर चरबी आहे का ते कळेल. टिर्झेपेटाइड आणि सेमाग्लुटाइड ही वजनाची इंजेक्शनं २०२५ पासून वजन कमी करण्यासाठी आपल्याकडेही मिळतात. आतली चरबी त्यांनी खरोखर कमी होते, पण ती घ्यायची की नाही हे तपासणीनंतर डॉक्टरांनी ठरवायचं, व्हॉट्सॲपवर मागवायची नाहीत. आणि ती चालू असताना कुठलंही ऑपरेशन ठरलं, दाताचं का असेना, तरी भूलतज्ज्ञांना आधी सांगा. त्या औषधाने पोट सावकाश रिकामं होतं. उपाशी राहूनही जठरात अन्न उरतं आणि भूल देताना ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

मॅडम, मी २५ वर्षांची. तीन महिन्यांनी लग्न आहे. उंची पाच तीन, वजन ५८. दंड, मांड्या, पोट आणि डबल चिन, सगळं एकाच दिवशी करून देतो, पूर्ण भूल लागत नाही, दुपारी घरी, असं एका क्लिनिकमध्ये सांगितलं. हनुवटीला चरबी विरघळवायचं इंजेक्शन देणार आहेत. घरी फक्त बहिणीला माहीत आहे. किती किलो कमी होतील? (कोल्हापूर)

तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. लायपोसक्शन करताना ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, भिंतीजवळ एक पारदर्शक डबा असतो, त्यात सगळं जमा होतं. थोडा वेळ स्थिर ठेवला की त्यात थर पडतात. वर लोण्यासारखी पिवळी चरबी, खाली लालसर पाणी. ते पाणी बरंचसं आम्हीच आधी आत सोडलेलं असतं. एक लिटर चरबी म्हणजे वजनात जेमतेम ९०० ग्रॅम. वरचा थर तीन लिटरचा असला तरी काट्यावर पावणेतीन किलो, आणि पहिले काही दिवस सुजेमुळे वजन उलट वाढलेलंच दिसतं. किलो कमी करायला हे ऑपरेशन नाहीच. व्यायाम करूनही एखादी वळी हटत नाही, तेवढी घासून सपाट करायला आहे. पाच तीन उंचीला ५८ किलो हे व्यवस्थित वजन आहे, हेही ऐकून ठेव. तुला ते कुणी सांगितलं नसेल.

आता 'पूर्ण भूल लागत नाही' हे नीट समजून घे. कॅलिफोर्नियातले त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८५ च्या सुमारास एक पद्धत काढली. भरपूर सलाइनमध्ये लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध आणि रक्तवाहिन्या आकसवणारं ॲड्रेनलिन पातळ करून चरबीत भरायचं. त्यामुळे रक्त खूप कमी जातं. पद्धत उत्तम आहे, मीही तीच वापरते. पण लिग्नोकेनला मर्यादा आहे. वजनाच्या दर किलोमागे ३५ मिलिग्रॅम हा आकडा बरेच सर्जन पाळतात. तुझ्यासाठी तो साधारण २,००० मिलिग्रॅम होतो. दंड, मांड्या, पोट एकाच दिवशी बधिर करायचे म्हटल्यावर तो आकडा कुठे जाईल, कल्पना कर. आणि चरबीतून ते रक्तात सावकाश उतरतं. सगळ्यात जास्त पातळी होते ती आठ ते सोळा तासांनी. म्हणजे दुपारी तुला घरी सोडतील आणि जीभ जड होणं, कानात आवाज, झटके, हे रात्री तुझ्या खोलीत, बहिणीच्या समोर सुरू होईल. तिने कुणाला फोन करायचा?

२०२२ च्या मे महिन्यात बंगळूरमध्ये कन्नड मालिकांत काम करणारी २१ वर्षांची एक मुलगी चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी एका खासगी क्लिनिकमध्ये गेली. आईवडिलांना कळवलं नव्हतं, असं बातम्यांत आलं होतं. श्वासाचा त्रास होऊन ती गेली. मी ती बातमी वाचली त्या दिवशी माझ्याही लिस्टवर एक लायपो होतं. मी आणि माझे भूलतज्ज्ञ सकाळी ओटीत न बोलता उभे होतो, मग आम्ही सक्शन, मॉनिटर, ऑक्सिजनचा बॅकअप सगळं दुसऱ्यांदा तपासलं.

म्हणून हे विचार, आणि लाजू नकोस. हातात नळी कोण धरणार? जनरल सर्जरीच्या शिक्षणानंतर घेतलेली प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे का? त्वचारोगतज्ज्ञही प्रशिक्षण घेऊन मर्यादित लायपो करतात, ते ठीक. पण चार आठवड्यांच्या कॉस्मेटॉलॉजी सर्टिफिकेटवर हे काम करता येत नाही. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर बघता येते. जागा नर्सिंग होम कायद्याखाली नोंदलेली आहे का? ते प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असतं. भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ खोलीत असणार का, का 'गरज पडली तर बोलावू'? एकूण काढायचं पाच लिटर किंवा त्याहून जास्त होणार असेल तर रात्रभर दवाखान्यात ठेवायलाच हवं. मी तर त्याहून बरंच आधी थांबते. जो डॉक्टर तुला उभी करून, पेनाने खुणा करून, 'इथलं काढणार, इथलं नाही काढणार' असं दाखवत नाही आणि फक्त फोटोवरून भाव सांगतो, त्याच्याकडून उठून ये.

हनुवटीच्या इंजेक्शनचं नाव विचार. डीऑक्सिकोलिक ॲसिडला अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली, ती फक्त हनुवटीखालच्या चरबीसाठी. ते देताना जबड्याच्या कडेने जाणारी नस दुखावली तर ओठ एका बाजूला खाली ओढला जात नाही आणि हसू वाकडं दिसतं. बहुतेकदा ते आठवड्यांनी, महिन्यांनी बरं होतं. पण तुझे लग्नाचे फोटो तोवर निघून गेलेले असतील. बाटलीवर नाव नसलेलं किंवा 'सिक्रेट मिक्स' म्हणून सांगितलेलं काहीही टोचून घेऊ नकोस.

आणि तीन महिने हा वेळच चुकीचा आहे. लायपोनंतर जांभळे डाग दोन-तीन आठवडे असतात, प्रेशर गारमेंट (अंगाला घट्ट दाबून धरणारा कपडा) चार ते सहा आठवडे दिवसरात्र, आणि खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने लागतात. तू शिंप्याकडे ब्लाउजचं माप देशील ते सुजलेल्या दंडाचं. लग्नात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आपल्याकडे सर्रास घेतात. ऑपरेशनच्या आसपास त्या डॉक्टरांना न सांगता घेऊ नयेत, पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढू शकतो.

एक माझंही सांगते. प्रॅक्टिसच्या चौथ्या वर्षी तुझ्याच वयाची एक मुलगी आली होती, तिचंही लग्न ठरलेलं. मांडीच्या आतून 'अजून थोडं काढा ना मॅडम' असं ती म्हणत राहिली आणि मी काढलं. उजव्या मांडीवर वाटीएवढा खड्डा पडला. वर्षाने तिच्याच पोटातली चरबी घेऊन मी तो भरला, दोनदा, पैसे न घेता. तरी आजही तिरप्या उजेडात तो दिसतो, तिने मला दाखवलाय. त्यानंतर लग्नाची तारीख ठरलेल्या मुलींचं ऑपरेशन मी लग्नानंतर सहा महिन्यांपर्यंत पुढे ढकलते. त्यातल्या अनेक जणी परत येत नाहीत आणि मला त्याचा आनंदच होतो. तुला हे वर्षभराने हवंसं वाटलं तर ये, एकच भाग करू, आणि आईला घेऊन ये.

मी १९ वर्षांचा. मुलींसारखी छाती आहे. उन्हाळ्यातही दोन बनियन घालतो, विहिरीवर पोहायला जात नाही. जिमच्या सरांनी छातीचा व्यायाम वाढवायला सांगितलं, काही फरक नाही. (कराड)

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. हे खूप मुलांना असतं, लाजेने कुणी बोलत नाही. निपलच्या मागे अंगठा आणि बोटाने दाबून बघ. रबरासारखी, लिंबाच्या चकतीएवढी घट्ट गाठ लागली तर ती स्तनग्रंथी आहे. व्यायामाने ती जाणार नाही, त्यात तुझी काही चूक नाही. नुसतीच मऊ लागली तर चरबी.

वयात येताना सुरू झालेली ही वाढ अनेक मुलांत दोन वर्षांत आपोआप ओसरते. तुझी किती वर्षं आहे? त्याहून जास्त असेल तर आधी एकदा डॉक्टरांकडून तपासणी आणि हॉर्मोनची रक्ततपासणी करून घे. जिममध्ये कुणी इंजेक्शन किंवा बिननावाची पावडर दिली असेल तर ते खरं सांग. स्टेरॉइडने हे होतं आणि घेत राहिलास तर ऑपरेशननंतरही परत येतं. ऑपरेशनमध्ये चरबी नळीने आणि गाठ निपलच्या काळ्या कडेवरच्या छोट्या छेदातून काढतात, व्रण त्या रंगाच्या कडेत लपतो. नुसत्या लायपोवर कुणी बोळवण करत असेल तर गाठीचं काय करणार ते विचार.

वय ५२. दोन वर्षांत २४ किलो वजन उतरवलं, शुगरची गोळी बंद झाली. आता पोटाची कातडी पिशवीसारखी लोंबते, घडीत खाज आणि चट्टे उठतात. लायपोसक्शन होईल का? विम्यात बसेल का? (चाळीसगाव)

ताई, २४ किलो! माझ्याकडून तुम्हाला मनापासून शाबासकी. एवढं करणाऱ्या फार थोड्या बघितल्यात मी.

लायपोसक्शन नको. रिकाम्या पिशवीतून अजून काढलं तर पिशवी जास्तच लोंबेल. तुम्हाला कातडी काढायची शस्त्रक्रिया लागेल. वजन सहा महिने एकाच आकड्याच्या आसपास टिकलं की मगच करायची. विम्यात सौंदर्याची शस्त्रक्रिया बसत नाही आणि अशा शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटीही लागतो. पण घडीतल्या चट्ट्यांसाठी तुम्ही त्वचेच्या डॉक्टरांकडे गेला असाल, तर ते सगळे कागद आणि औषधांच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. उपचार म्हणून गरज असल्याचं पत्र जोडून विमा कंपनीकडे आधी लेखी विचारा. तोवर घडी कोरडी ठेवा, आंघोळीनंतर पंख्याखाली दहा मिनिटं उघडी राहू द्या आणि मधे मऊ सुती कापड ठेवा.

आणि एक विचारायलाच हवं, कारण खानदेशातल्या, नाशिक भागातल्या माझ्या अनेक पेशंट ते आपणहून सांगत नाहीत. मिश्री लावता का? तंबाखूच आहे ती. बेंबीखालची ताणून शिवलेली कातडी मुळात बारीक रक्तवाहिन्यांवर जगत असते. निकोटिनने त्या आकसल्या की टाक्यांची कडा काळी पडते, जखम उघडते. ऑपरेशनच्या आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद. 'सकाळी फक्त दातांना' हेसुद्धा नाही. माझ्या दवाखान्यात पेशंट भरती होताना सिस्टर पिशवीत मिश्रीची डबी आहे का ते विचारते, आणि असली तर तारीख पुढे जाते. तुम्ही याल तेव्हा डबी घरीच ठेवा आणि दोन वर्षं वजन लिहून ठेवलेली वही असेल तर ती घेऊन या. मला बघायची आहे.